सिंहगडावरून दिसणारा घुमट

पुण्याच्या नैर्ऋत्येस पांच-सहा कोसांवर मुठा नदी डोंगरांच्या कुशींतून बाहेर पडते, आणि तेथेंच, खडकवासल्यास, इंग्रजी अमदानींत बांधलेल्या धरणानें तिला अडविलें आहे. पुणेकरांस या ठिकाणाची ओळख दोन प्रकारांनीं असते; एक नळाला येणाऱ्या पाण्यामुळें, व दुसरी रविवारच्या सहलीमुळें. ज्यांनीं सत्तरी ओलांडली आहे त्यांस तिसरीहि एक ओळख असते. १२ जुलै १९६१ रोजीं वरच्या अंगाचें पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यापुढें खडकवासल्याचें धरणहि टिकलें नाहीं, आणि शहरांतील नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. पुढें धरण पुन्हां उभें राहिलें, आणि पुराच्या गोष्टी सांगणारे आजीआजोबाच आतां नातवंडांना तेथें भाजलेलीं कणसें खावयास नेतात. पावसाळ्यांत त्या रस्त्यावर उभें राहण्यासहि जागा मिळत नाहीं. समोर पाण्यापलीकडे गर्द झाडी व टेकड्या दिसतात. मुलें विचारतात, तिकडे काय आहे ? वडील सांगतात, ती एन्. डी. ए. एवढें झालें कीं सर्वांचें लक्ष पुन्हां कणसाकडे वळतें. आमचेंहि वर्षानुवर्षें असेंच होत असे.

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी ती हीच. सात हजार एकरांहून अधिक विस्ताराच्या या आवारांत भूदल, नौदल व वायुदल या तिन्ही दलांचे भावी अधिकारी तीन वर्षें एकत्र शिकतात, आणि त्यानंतर आपापल्या दलाच्या संस्थेंत आणखी शिक्षण घेतात. हिचा प्रारंभ खडकवासल्यास झाला नाहीं. १९४९ च्या जानेवारींत डेहराडून येथें हें एकत्र शिक्षण सुरू झालें. त्याच वर्षीं ६ ऑक्टोबर रोजीं पंडित नेहरूंनीं येथें कोनशिला बसविली, आणि १९५५ च्या जानेवारींत संस्थेचें येथें उद्घाटन झालें.

आवारांतील मुख्य इमारत सुदानच्या नांवानें ओळखली जाते, आणि हें नांव तिला कां मिळालें याची हकीकत सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धांत सुदानच्या बचावासाठीं पूर्व आफ्रिकेंत अनेक हिंदी शिपाई कामीं आले. त्यांचें स्मारक व्हावें म्हणून सुदानच्या सरकारनें एक लक्ष पौंडांची देणगी दिली. पुढें देशाची फाळणी झाली तेव्हां या देणगीचेहि वांटे झाले. सत्तर हजार पौंड भारताकडे आले व तीस हजार पाकिस्तानकडे गेले. त्या पैशांतून जोधपुरी लाल दगडाची ही घुमटाची वास्तु उभी राहिली, आणि १९५९ सालीं तिचें उद्घाटन झालें. मेलेल्यांच्या स्मरणार्थ आलेलें द्रव्य जिवंत मुलांच्या शिक्षणाकडे लागलें, ही गोष्ट आम्हांला पूर्वीं फार समाधानाची वाटे. आपला मुलगा त्याच घुमटाखालीं बसूं लागला म्हणजे मात्र या वाक्यांतील पहिले शब्द अधिक मोठ्यानें ऐकूं येतात.

आमच्यासारख्या घरांतील मुलें घराबाहेर पडतात तीं बहुधा एका ठराविक वाटेनें. इंजिनियरिंगची पदवी, मग परीक्षा, व्हिसा, आणि एके रात्रीं मुंबईचा विमानतळ. त्या प्रस्थानाचे विधि आतां सर्वांस पाठ झाले आहेत. कुकर कोणता न्यावा, गोडा मसाला किती बांधावा, मेतकूट कोणत्या पिशवींत घालावें, येथपासून तों आईबापांचें सांत्वन कोणत्या शब्दांनीं करावें येथपर्यंत सर्व कांहीं ठरलेलें असतें. मुलगा सैन्यांत निघाला म्हणजे आप्तेष्टांची पंचाईत होते. पहिलें वाक्य सर्वांचें एकच असतें : वा, अभिमानाची गोष्ट आहे ! दुसरें वाक्य जिना उतरतांना येतें : पण एकुलता एक ना हो तुमचा ?

वस्तुतः ही वाट आपल्याकडे अगदींच अनोळखी आहे असें नाहीं. डॉ. मुंजे यांनीं नाशिकास १९३७ सालीं भोसला मिलिटरी स्कूल काढलें तें मध्यमवर्गीय मुलांच्या हातांत शिस्त व शस्त्र यावें म्हणूनच. देशांतील पहिली सैनिक शाळा १९६१ सालीं साताऱ्यास निघाली. प्रबोधिनीच्या प्रवेशाची तयारी करून घेणारी महाराष्ट्र सरकारची संस्था १९७७ पासून छत्रपति संभाजीनगरांत, म्हणजे तेव्हांच्या औरंगाबादेंत, चालली आहे. तरी देखील व्याख्यानांत शिवरायांचा जयजयकार करणाऱ्या आमच्या पेठांतून प्रत्यक्ष मुलगा पाठविणारीं घरें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच आढळतात, हें कबूल केलें पाहिजे. शौर्य हें आपण इतिहासाच्या कपाटांत चांगलें ठेवतों.

मुलगा लेखी परीक्षेंत उत्तीर्ण झाला, पांच दिवसांच्या निवडमंडळासमोर टिकला, वैद्यकीय तपासणींतूनहि पार पडला. तोंपर्यंत सर्व परीक्षा त्याच्या होत्या. आईबापांची परीक्षा एका कागदानें सुरू होते. प्रबोधिनींत दाखल होणाऱ्या मुलाच्या पालकास एक दाखला सही करून द्यावा लागतो. शिक्षण चालू असतां मुलास कांहीं इजा झाली, किंवा त्यामुळें करावयाच्या शस्त्रक्रियेंत त्यास अपंगत्व अथवा मृत्यु आला, तर आपण सरकारकडे नुकसानभरपाई मागणार नाहीं, हें आपणांस पूर्णपणें समजलें आहे, अशा आशयाचा तो मजकूर असतो. दुसरा कागद बंधपत्राचा; मुलगा स्वतःच्या इच्छेनें मध्येंच सोडून आला तर शिक्षणाचा खर्च परत करण्याविषयींचा.

आम्हीं आयुष्यभर कागद वाचले, कागदांवर सह्या केल्या; पण 'समजलें आहे' या दोन शब्दांपाशीं आमचा हात जितका वेळ थांबला तितका घराच्या कर्जाच्या कागदांवरहि थांबला नव्हता. शेजारीं सौभाग्यवती बसल्या होत्या. त्यांनीं मजकूर दोनदां वाचला, चष्मा पुसला, आणि म्हणाल्या, "अहो, समजलें नाहीं असें लिहिण्याला जागा कुठें ठेवलीय ? करा सही." हा धोका नुसता कागदावरचा नाहीं. प्रशिक्षणांत जायबंदी होऊन घरीं परतावें लागलेल्या छात्रांचा प्रश्न २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्वतः होऊन हातीं घेतला, तेव्हां अशा मुलांचे आईबाप कित्येक वर्षें काय सोशीत आले होते हें सर्वांपुढें आलें. ज्यांच्या घरांतून मुलगा निघाला आहे त्यांनीं ती बातमी वाचावी कीं वाचूं नये याविषयीं आमच्या घरांत मतभेद झाला. शेवटीं वाचली.

जुलै महिन्यांत, संततधार पावसाच्या एका दिवशीं, आम्ही उभयतां त्याला पोंचविण्यास गेलों. प्रबोधिनीच्या फाटकाचा हा रस्ता सहलीच्या रस्त्याहून निराळा आहे. कर्वे रस्त्यानें निघून वारजें, शिवणें, उत्तमनगर हीं गांवें मागें टाकलीं कीं कोंढवें-धावड्याच्या पुढें एकाएकीं दुकानें संपतात, पाट्या संपतात, आणि रस्ता इतका स्वच्छ होतो कीं आपण आपल्या शहरांत आहों यावर विश्वास बसत नाहीं. बोहरी आळींतून आणलेली काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगानें घातलेलें नांव. रंग घाईंत लावल्यामुळें शेवटच्या अक्षराचा ओघळ खालीं आला होता. मुलानें तो वाटेंत रुमालानें पुसण्याचा चार वेळां प्रयत्न केला.

कागदपत्रें तपासलीं गेलीं, सामान उतरलें. निरोपास म्हणून जो वेळ मनाशीं राखून ठेवला होता तो कोणी दिलाच नाहीं. त्यानें वांकून नमस्कार केला, आपला भ्रमणध्वनी आमच्या हातांत ठेवला, आणि त्याच्यासारख्याच इतर मुलांच्या रांगेंत जाऊन उभा राहिला. सौ.नीं बेसनाच्या लाडवांचा डबा आणला होता. खाद्यपदार्थ आंत नेतां येत नाहींत असें कळल्यामुळें तो तसाच गाडींत राहिला. रांगेंतील मुलांचीं डोकीं अजून नाना तऱ्हांच्या केसांचीं होतीं. दुसऱ्या दिवशीं तीं सर्व सारखीं होणार होतीं. आसपास निरनिराळ्या प्रांतांतून आलेले दोन-चार आईबाप उभे होते. कोणाची भाषा कोणास फारशी येत नव्हती. एक सरदारजी आमच्याजवळ येऊन उभे राहिले, आमच्याकडे पाहून त्यांनीं नुसती मान हालविली, आणि आम्हींहि हालविली. त्या दिवशीं मिळालेलें सर्वांत मोठें सांत्वन तें.

घरीं आल्यावर एक विलक्षण गोष्ट लक्षांत आली. आमच्या वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडाचा मुलगा कॅलिफोर्नियांत असतो. त्याची आई रोज सकाळीं दूरध्वनीच्या पडद्यावर त्याचें तोंड पाहते, त्यानें रात्रीं काय खाल्लें तें विचारते, त्याच्या मागची खिडकी पुसलेली नाहीं हेंहि तिला येथून दिसतें. आमचा मुलगा पांच-सहा कोसांवर, आम्ही पितों तें पाणी ज्या जलाशयांतून येतें त्याच्या कांठीं; आणि तो जेवला कीं नाहीं हें कळण्यास मार्ग नाहीं. शहरांत पाऊस झाला म्हणजे त्याच्यावरहि तोच पाऊस पडत असला पाहिजे, एवढेंच खात्रीनें सांगतां येई. सौ. खिडकींत उभ्या राहून पावसाकडे पाहत, आणि आम्हांला तें ठाऊक आहे हें त्यांना ठाऊक असे.

त्याचा भ्रमणध्वनी टेबलाच्या खणांत पडला होता. पहिल्या आठवड्यांत तो मधून मधून आपोआप उजळे. मित्रांचे निरोप येत. पुढें ते विरळ झाले. एके दिवशीं त्यांतील वीज संपली. ती पुन्हां भरावी कीं नाहीं यावर आम्हीं बरीच चर्चा केली, आणि भरली. वाचकांस हें पोरकट वाटेल. मुलें वसतिगृहांत ठेवलेल्या आईबापांस तसें वाटणार नाहीं.

तिसऱ्या आठवड्यांत, रात्रीं नवाच्या सुमारास, अनोळखी क्रमांकावरून हांक आली. आवाज त्याचा होता, पण बसलेला. मागें इतर मुलें आपली पाळी येण्याची वाट पाहत असावींत; तो हळू बोलत होता. पायांना फोड आले आहेत, झोंप मिळत नाहीं, आणि नंतर, अगदीं लहानपणच्या स्वरांत, "बाबा, मला येथून न्या."

दूरध्वनीचा आवाज मोठा केलेला होता, त्यामुळें हें वाक्य दोघांनींहि ऐकलें. आम्ही मनानें तत्क्षणींच जोडे पायांत घातले होते. गाडीची किल्ली खुंटीवर, फाटक अर्ध्यापाऊण तासावर, बंधपत्राची रक्कम बँकेंत. अडचण कशाचीच नव्हती. तो अमेरिकेंत असता तर निदान विमानाचें तिकीट काढण्यापुरता तरी विचार करावा लागला असता. आम्ही 'येतों' म्हणणार एवढ्यांत सौ. पुढें झाल्या आणि शांतपणें म्हणाल्या, "आज कोणता वार ? बुधवार ना ? रविवारपर्यंत थांब. रविवारींहि हेंच वाटलें तर सांग, आम्ही येऊं. फोडांना खोबरेल लाव." तो "बरं" म्हणाला, आणि हांक संपली.

त्या रात्रीं आमच्या घरांत जें बोलणें झालें तें येथें देण्यासारखें नाहीं. आम्हीं त्यांस निष्ठुर म्हटलें. त्या म्हणाल्या, तो शाळेंत पहिल्या दिवशीं रडला तेव्हां तुम्ही कचेरींत होतां. मी फाटकाबाहेर तासभर उभी होतें आणि आंत गेलें नाहीं. ती विद्या तुम्हांला येत नाहीं.

रविवारीं सकाळीं हांक आली नाहीं. घरांत बसणें अशक्य झाल्यामुळें आम्ही दोघें सिंहगडाकडे निघालों. आतकरवाडीच्या वाटेनें धापा टाकीत, ढगांतून, घसरत चढलों. या गडावर आम्हीं आजवर शंभर वेळां पिठलें-भाकरी व मडक्यांतलें दही खाल्लें असेल, आणि मुलास कडेवर असल्यापासून तानाजीची गोष्ट सांगितली असेल. मुलाचें लग्न बाजूस ठेवून बाप लढाईस गेला, अशी ती प्रसिद्ध कथा. १६७० सालच्या त्या लढाईंत बाप पडला. मागें राहिलेल्या रायबाचें काय झालें हें मुलें विचारतात. उलट प्रसंग आला, म्हणजे मुलगा गेला आणि बाप मागें राहिला, तर बापानें काय करावें हें कोणी विचारीत नाहीं, आणि आम्हींहि कधीं विचारलें नव्हतें.

दोन प्रहरीं ढग फाटले. खालीं पाण्याचा पत्रा, त्यापलीकडे हिरवें रान, आणि त्यांत तो घुमट, सुपारीएवढा. आम्हीं दुर्बीण नेली होती. माणूस दिसण्याचा संभवच नव्हता, तरी आळीपाळीनें पुष्कळ वेळ पाहिलें. ताक विकणाऱ्या बाईनें विचारलें, "पोरगं हाय व्हय तिथं ?" असे आईबाप तिनें पूर्वीं पाहिलेले असावेत. ती म्हणाली, त्या पोरांना शिक्षा म्हणून हा गड चढावा लागतो, कधींकधीं पाठीवर ओझें घेऊन. वर येतात, घाम पुसतात, पुन्हां पळत जातात. हें ऐकून सौ. एकदम हसल्या. त्याला लहानपणीं या वाटेनें चढवितांना दर वळणावर एक गोळी द्यावी लागे.

प्रबोधिनीचें संचलन आम्हीं पूर्वीं एकदां, एका स्नेह्यांच्या मुलाच्या वेळीं, पाहिलें होतें. तीन वर्षें पुरीं झालेलीं मुलें अखेरच्या ओळींतून संथ पावलें टाकीत निघून जातात, आणि तो शेवटचा टप्पा ओलांडतात त्यास तेथें 'अंतिम पग' म्हणतात. त्या वेळीं आमचें लक्ष वाद्यवृंदाकडे व पोशाखांकडे होतें. ज्या मैदानावर तें संचलन होतें त्यास अरुण खेत्रपाल याचें नांव आहे. १९७१ च्या डिसेंबरांत बसंतरच्या लढाईंत जळत्या रणगाड्यांतून बाहेर न येतां तो लढला आणि पडला, वय एकवीस, मरणोत्तर परमवीरचक्र. त्याचे वडीलहि सैन्यांत ब्रिगेडियर होते. २००१ सालीं, ऐंशीच्या घरांत असतांना, ते आपलें पूर्वींचें गांव पाहण्यास पाकिस्तानांत गेले. तेथें ज्या निवृत्त ब्रिगेडियरनें त्यांचें आतिथ्य केलें त्यानें निरोपापूर्वीं त्यांना सांगितलें कीं, त्या दिवशीं आपल्याच हातून तुमचा मुलगा मारला गेला. या दोन वृद्धांनीं एकमेकांकडे कसें पाहिलें असेल याची कल्पना करण्याचा आम्हीं गडावर बसून प्रयत्न केला, आणि ती करतां आली नाहीं. आपलें दुःख फोडांपुरतें व झोंपेपुरतें आहे, याची जाणीव मात्र झाली, आणि तेवढ्यानें तें दुःख कमी झालें असेंहि नाहीं.

येथें मुलींच्या आईबापांचा उल्लेख केला पाहिजे. २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें प्रबोधिनीच्या परीक्षेचें दार मुलींस उघडलें, २०२२ सालीं पहिली तुकडी आंत गेली, आणि ३० मे २०२५ रोजीं सतरा मुलींनीं तो अंतिम पग ओलांडला. आमच्या एका वृद्ध आत्याबाईंनीं ती बातमी ऐकून विचारलें, "त्यांच्या आयांनीं केस कापलेले पाहिले तेव्हां काय केलें असेल गं ?" प्रश्न जुन्या पिढीचा खरा, परंतु तो थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. ज्या आईनें दहा वर्षें रोज वेणी घातली तिच्या हातांना दुसऱ्या दिवशीं सकाळीं काय काम उरलें असेल, असें तिला विचारावयाचें होतें.

त्या रविवारीं रात्रीं हांक आली नाहीं. सोमवारीं नाहीं, मंगळवारीं नाहीं. ती आली पुढच्या शुक्रवारीं, आणि मुलगा पोहण्याविषयीं बोलला. पाण्यांत उंचावरून उडी मारावी लागते, एक मणिपुरी व एक बिहारी मुलगा असे दोन मित्र झाले आहेत, बिहारी मुलास पाण्याचें भय वाटतें, त्याला रात्रीं धीर द्यावा लागतो. 'न्या' या शब्दाची आठवण त्यानें काढली नाहीं. आम्हींहि काढली नाहीं. सौ.नीं फक्त पायांचें विचारलें.

डिसेंबरांत सत्र संपलें आणि तो सुटीस घरीं आला. रंग रापलेला, मान ताठ, गालफडें बसलेलीं. पहांटे साडेचारला उठून, अंथरुणाची चौकोनी घडी घालून, बूट पुशीत बसे. जेवावयास बसला म्हणजे दुसरी पोळी तव्यावरून उतरण्यापूर्वीं पान रिकामें होई. "घरांत कोणी शिट्टी वाजवीत नाहीं, सावकाश जेव," असें सौ.नीं आठ दिवस सांगितलें, तेव्हां कोठें तो मध्यें मध्यें बोलूं लागला. पूर्वीं ज्या खुर्चींत तो लोळे तींत आतां सरळ बसे, आणि त्याच्याकडे पाहून आम्हीहि नकळत सरळ बसूं लागलों. एक दिवस वरच्या बिऱ्हाडाच्या बाई विचारपूस करावयास आल्या. आपल्या मुलाला तीन वर्षांत रजा मिळाली नाहीं असें सांगतांना त्यांचे डोळे भरले. आमच्या सौ.नीं त्यांना आंत नेऊन चहा दिला.

परत जाण्याच्या आदल्या दिवशीं तो म्हणाला, "आई, फाटकापर्यंत नको येऊंस. मी आधीं स्टेशनवर जाणार आहें. ते दोघे गाडीनें येतायत." सौ.नीं विचारलें, "आणि लाडू ? आंत नेऊं देतात का आतां ?"

"नाहीं देत. पण आंत जायच्या आधीं आम्ही खाऊं ना. त्यांच्या घरून येईतों दोन दोन दिवस लागतात, त्यांचं सगळं वाटेंतच संपतं."

त्या रात्रीं नेहमींच्या दहा-बारा लाडवांऐवजीं सौ.नीं चाळीस लाडू वळले. सकाळीं आम्ही स्टेशनवर गेलों तेव्हां ते दोघे फलाटावर ट्रंकांवर बसलेले होते. त्यांनीं उठून पायांना हात लावला, मणिपुरी मुलगा मोठ्या कष्टानें "नमस्कार, काकू" म्हणाला, आणि डबा उघडला गेला.